प्रणिताच्या घशातली नंदा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि वाचून झाले की शेजारच्या सुमनताईंना म्हणते, "यांना पित्त झालेलं असणार." माझे वडील तर याहून कडक. आई कधी कोकणातल्या आपल्या माहेरच्या भुताची गोष्ट सांगायला लागली की ते पेपरातून मान वर न करता विचारायचे, "त्याचं रेशनकार्ड कुठल्या पेठेतलं?" मी त्याच वडिलांची मुलगी. उपास करते ते पोटाला बरं म्हणून, आणि कावळा शिवला नाही तर त्याला भूक नसेल असं मानणारी.

पण एक दुपार आहे... ती काही पित्तात बसत नाही. इतकी वर्षं झाली, बसवायचा प्रयत्न करून झाला. तुम्ही बघा तुम्हाला जमतं का.

गोष्ट आमच्या नारायण पेठेतलीच. नव्वदीच्या दशकातली. उदारीकरण झालं होतं म्हणे. म्हणजे नक्की काय झालं होतं ते आम्हाला कुणी समजावलं नव्हतं, पण फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागेनासं झालं आणि जिथे शिवणक्लास होता तिथे कॉम्प्युटर क्लासची पाटी लागली. मी मॅट्रिक. पुढे शिकायचं राहून गेलं. पेठेतल्याच एका छापखान्यात मी मुद्रितं तपासायला होते, आणि माझ्याबरोबर नंदा.

मुद्रितं तपासायची आमची पद्धत सांगते, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. एकीने मोठ्याने वाचायचं — नुसते शब्द नाही, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, सगळं बोलायचं. दुसरीने समोर बसून कागदावर पेन्सिल धरायची आणि ऐकायचं. डोळा फसतो हो, त्याला जे असायला हवं ते दिसतं. कान नाही फसत. वाचणारी नंदा, बघणारी मी. हे आमचं ठरलेलं. मी वाचलंच नाही कधी.

मग डीटीपी आलं आणि छापखाना बंद व्हायला आला. वरच्या मजल्यावर एका सरांची सॉफ्टवेअरची लहानशी कंपनी होती. त्यांनी आमचं हे पारायण जिन्यावरून येता-जाता ऐकलेलं. एके दिवशी खाली आले आणि म्हणाले, "बाई, तपासणी तुम्हाला येतेच. फक्त भाषा बदलेल." झालं. लोक कुठून कुठून आयटीत आले, आम्ही दोघी एक जिना चढून आलो.

ही कंपनी कंपायलर करायची. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला कळेल अशा सूचनांमध्ये बदलून देणारा जो प्रोग्रॅम असतो ना, तो कंपायलर. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाची स्वतःची एक भाषा होती, तिचा कंपायलर आमच्याकडे. त्यात काही नवं घातलं की त्याचा कोड लांबलचक भोकाभोकांच्या कागदावर छापून आमच्या टेबलावर यायचा. पहिले काही महिने आम्ही तो स्तोत्रासारखा वाचला, अर्थाशिवाय. मग हळूहळू अर्थ लागायला लागला. कुणी शिकवलं नाही. रोज वाचलं की भिंतसुद्धा बोलायला लागते, हा तर कोड होता.

त्यात चिन्हं फार. दरवेळी "ओपनिंग कर्ली ब्रॅकेट" म्हणत बसलं तर संध्याकाळ व्हायची. म्हणून नंदाने आपली नावं पाडली. महिरपी कंस उघडला की "दार", बंद झाला की "कडी". साधा कंस उघडला की "ओंजळ", मिटला की "मूठ". बरोबरची खूण "रूळ", दोन एकापुढे एक आल्या की "जोडरूळ". ती बाणासारखी खूण असते तिला "बाण". आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो अर्धविराम येतो, त्याला तिने "उसासा" म्हटलं. का, तर म्हणे "संपलं म्हणावं तर संपलेलं नसतं, बायकांच्या कामासारखं." हे शब्द आमच्या दोघींचे. बाकीचे हसायचे म्हणून आम्ही खोलीचं दार लावून वाचायचो. कुठे लिहून ठेवले नव्हते, कुणाला सांगितले नव्हते.

आणि एक सवय होती नंदाची. वाचताना तिला वाटलं की इथे काहीतरी यायला हवं होतं आणि आलेलं नाही, की ती थांबायची आणि विचारायची — "पुढे?" पुढची ओळ तिच्या डोळ्यासमोर असायची, तरी. अगदी हलक्या आवाजात, शेवट थोडा वर नेऊन. तिने "पुढे?" म्हटलं की मी पेन्सिल टेकवायची, आणि तिथे काही ना काही निघायचंच.

तर, नंदाच्या गळ्याशी गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, पण आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, परत येईल, नाहीतर नाहीही येणार. काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजसुद्धा नाही. ती कर्वेनगरला भावाकडे राहायची. मी भेटायला गेले की पाटी घेऊन बसायची, मुलांची असते तशी दगडी पाटी. एकदा मी गेले त्या दिवशी तिने त्यावर लिहिलं, "माझी खुर्ची?"

मी म्हटलं, "धरून ठेवली आहे. तू फक्त गप्प बस."

हसली. मला मात्र हसू आलं नाही, कारण सरांनी त्याच दिवशी नवी मुलगी आणून बसवली होती. त्या खुर्चीवर.

प्रणिता तिचं नाव. दारव्ह्याची. अमरावतीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेलं, पहिल्या वर्गात. बारीक, उंच, केसांना भरपूर तेल. आली आणि वाकून नमस्कार केला मला. आता नमस्कार करणाऱ्या मुलीचा राग येणं अवघड, पण मी जमवलं.

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "शैलाबाई, हे व्हर्जन हिला वाचू दे. नीट गेलं तर पुढेही हीच वाचेल. नंदाबाईंना आपण मॅन्युअलच्या टेबलावर घेऊ."

"नंदाचा आवाज येणार आहे," मी म्हटलं.

"आला की आनंदच आहे. पण आवाज नसलेल्या माणसाने मोठ्याने वाचायचं, हे मला कंपायलरमध्येसुद्धा बसवता येणार नाही."

झालं ना मग. म्हणजे ही मुलगी नीट वाचली की नंदाची खुर्ची गेली. मी देव मानत नव्हते, नाहीतर त्या आठवड्यात तिचा घसा बसावा म्हणून नवस बोलले असते.

त्या व्हर्जनमध्ये नवी गोष्ट घालायची होती ती अशी: प्रोग्रॅम चालता चालता चूक झाली तर तो धाडकन बंद पडायचा, त्याऐवजी ती चूक झेलायची सोय. झाडाखाली चादर धरून माणूस उभा करावा तसं. आंबा पडला तर चादरीत पडेल. आणि धोका संपला की त्या माणसाला परत बोलवायचं, नाहीतर तो नुसताच उभा. हे सगळं सरांनी स्वतः लिहिलं होतं. आमचा नियमच होता, ज्याने लिहिलं त्याने तपासायचं नाही. शुक्रवारी संध्याकाळी प्रोग्रॅम भरलेली टेप कुरियरने जायची होती, आणि ती चुकली असती तर गिऱ्हाईक गेलं असतं, हे सरांनी आम्हाला न सांगताही दिसत होतं. चहा पिताना ते साखर दोनदा घालायचे.

प्रणिता वाचायला लागली. "इफ, ओपन ब्रॅकेट..." आवाज नाकातून, भरभर. 'ण'चा मधूनच 'न' व्हायचा तिच्या तोंडी, आणि वाक्याच्या शेवटी वऱ्हाडातला तो हेल.

"जरा सावकाश," मी म्हणायची.

"हो ताई. सावकाशच वाचून राहिले मी."

"हे सावकाश आहे का?"

"आमच्याकडे हेच सावकाश असते न जी," ती म्हणायची आणि गोड हसायची.

हुशार होती. मी जे वर्षानुवर्षं वाचून वाचून ओळखायला शिकले होते ते तिला पुस्तकातून आधीच माहीत होतं. सर येता-जाता तिला काही विचारायचे आणि ती पटकन सांगायची, आणि सर मान हलवायचे. माझ्या बोलण्यावर त्यांनी कधी तशी मान हलवली नव्हती. तिच्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीची सगळ्या ऑफिसने स्तुती केली. मीही खाल्ली. चांगली होती, त्याचाही राग आला.

एकदा तिने विचारलं, "ताई, तुम्ही आणि नंदाताई कसं वाचत होत्या? सर म्हणतात तुमचे काही वेगळे शब्द होते."

"असंच वाचायचो," मी म्हटलं. "शब्द कसले आलेत. कोडचेच शब्द."

नाही सांगितले. का सांगायचे? खुर्ची घेतलीस ती घेतलीस. शब्दही तुलाच? ते मी आणि नंदाने मिळून केलेलं घर होतं आमचं. त्यात भाडेकरू ठेवायचा नव्हता मला.

गुरुवार उजाडला. शेवटचा मोठा भाग राहिला होता, कंपायलर प्रत्यक्ष सूचना तयार करतो तो. जेवणं झाली आणि आम्ही दार लावून बसलो. पेठेतली दुपार तुम्हाला माहीत आहे. दुकानांची दारं ओढलेली, रस्त्यावर कुत्रंसुद्धा सावलीत आडवं. त्या वेळात आमच्याकडे भूतही बेल वाजवायला धजणार नाही. खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर आलं होतं. पंखा चालू होता. हे सगळं मुद्दाम सांगते. अंधार नव्हता, पाऊस नव्हता, माझं पोटही साफ होतं.

प्रणिता वाचत होती, मी पेन्सिल सरकवत होते. मनात हेच, की उद्या टेप जाईल, आणि परवा मी कर्वेनगरला कुठल्या तोंडाने जाऊ. एवढा विचार करत होते आणि पेन्सिल आपली बरोबर चालली होती. चालली होती... आणि मग लक्षात आलं की ती फार सहज चालली आहे. गेल्या तीन-चार दिवसांत कधी चालली नव्हती इतकी. आवाज आणि पेन्सिल, दोन्ही एका चालीत.

मी ऐकलं.

"...इफ, ओंजळ, नोड, बाण, काइंड, जोडरूळ, लूप, मूठ, दार..."

मी मान वर केली नाही. खरं सांगते, हिंमतच झाली नाही. आवाज नंदाचा होता. तिच्यासारखा नव्हे हो. तिचा. तो थोडा जाडसर, मधेच खालच्या सुरात उतरणारा. हेल गेला होता. "उसासा" म्हणताना ती 'सा' थोडा लांबवायची, नाटक केल्यासारखा, तोसुद्धा तसाच. ओळीमागून ओळ. मी कागदावर बघत पेन्सिल सरकवत राहिले.

आता ऐका. मला भीती वाटायला हवी होती. या सदरात सगळ्यांना वाटते. मला वाटला मत्सर. असा जळजळीत, घशाशी आलेला. पहिला विचार काय आला माझ्या मनात? की नंदाने हिला शिकवलं. माझ्या पाठीमागे. ही कर्वेनगरला जाऊन बसली असणार, आणि नंदाने पाटीवर लिहून लिहून दिलं असणार, दार, कडी, ओंजळ, मूठ. आवाजाचीसुद्धा हिने नक्कल केली असणार. माझी जन्माची मैत्रीण, आणि तिने या तेलकट पोरीला...

मग मान वर केली.

प्रणिता कागदाकडे बघत होती, शांत. डोळे ओळीवरून नेहमीसारखे फिरत होते. ओठ हलत होते आणि त्यातून नंदा येत होती. अहो, नक्कल करणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर कुठेतरी नक्कल असते. इथे काही नव्हतं. तिला माहीतच नव्हतं.

"...केस, रिटर्न..." आवाज म्हणाला. पुढची ओळ वाचली. उसासा. आणि थांबला.

मग हलक्या आवाजात, शेवट वर नेऊन —

"पुढे?"

माझी पेन्सिल आपोआप टेकली. सवय ती सवय. मी त्या जागेकडे बघत राहिले आणि पुढे काय यायला हवं होतं ते मला दिसलं. म्हणजे नव्हतं, ते दिसलं. सरांनी चादर धरणारा माणूस उभा केला होता, काम सरळ शेवटापर्यंत गेलं तर त्याला परत बोलवलंही होतं. पण कुणी मधूनच बाहेर पडलं — प्रोग्रॅममध्ये तसं पडता येतं, त्यालाच रिटर्न म्हणतात — तर? तर तो माणूस तिथेच उभा. झाड सोडून सगळे गेले आणि हा चादर घेऊन. पुढे भलत्याच झाडाचा आंबा त्याच्या चादरीत.

"प्रणिता," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून आला.

"हो ताई?" नाकातून. वऱ्हाडी हेल. तीच.

"आत्ता तू काय म्हणालीस?"

"केस रिटर्न. मग सेमीकोलन." तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय झालं ताई? पाणी आणू का?"

"पुढे म्हणालीस तू."

"नाही न. मी कशाला पुढे म्हणू? पुढची ओळ दिसून राहिली ना मला."

मी तिला चार वेळा विचारलं. तिच्या मते ती नेहमीसारखंच वाचत होती, ओपन ब्रॅकेट, क्लोज ब्रॅकेट. शेवटी तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "माझं काही चुकलं का ताई?" मग मीच उठून तिला पाणी दिलं.

सरांना बोलावलं. त्यांनी त्या जागी बोट ठेवलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि टेबलाच्या कडेवर बसले. ते टेबलावर कधी बसत नसत.

"कुणी काढली ही?" त्यांनी विचारलं.

आता हाच प्रश्न होता ना. "मी" म्हटलं असतं तर खुर्चीचा निकाल लांबला असता. "हिने" म्हटलं असतं तर खुर्ची गेलीच. आणि तिचं नाव घ्यायला माझी जीभ उचलेना. माझ्या तोंडून निघालं, "नंदाने."

सर टेबलावरून उठले. "नंदाबाई कर्वेनगरला आहेत. मुक्या आहेत. तुम्ही त्यांना फोन लावला होता का?"

"मी नाही काढली सर," प्रणिता मधेच म्हणाली. "ताईंनीच काढली. मी तर वाचून पुढे चालली होती."

"वा," सर म्हणाले. "चूक एक, आणि काढायला तिघी, आणि तिघींपैकी कुणीच काढलेली नाही. चूक माझी आहे एवढं तरी नक्की ना? मग मी ती दुरुस्त करतो. तुम्ही ठरवा तोवर."

मी ऑफिस सुटायची वाटसुद्धा पाहिली नाही. रिक्षा केली आणि थेट कर्वेनगर. वाटेत काय काय बोलायचं ते सगळं पाठ केलं. तू मला सांगितलं असतंस तर मी शिकवले असते की तिला शब्द... असलं काय काय. खोटंच. शिकवले नसते.

दार नंदाच्या वहिनींनी उघडलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं आलात. हिचं आज काहीतरी बिनसलंय. दुपारी झोपली होती, तर सारखे ओठ हलत होते. आवाज काही नाही हो. मी म्हटलं रामरक्षा म्हणते आहे. पण किती वेळ. आणि हे बोट असं चादरीवरून ओळीने खाली, ओळीने खाली. मी हलवलं तरी उठेना. आपणहून उठली ती घसा धरून."

मी आत गेले. नंदा उशीला टेकून बसली होती. चेहरा ओढलेला. मी पाठ केलेलं सगळं विसरले आणि एवढंच विचारलं, "त्या मुलीला तू भेटली आहेस?"

तिने पाटीवर लिहिलं, "कुठली मुलगी?"

"तुझ्या जागी वाचते ती. खरं सांग नंदा. शब्द शिकवलेस तिला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला पुढे विचारवेना. तिला तर ती आली आहे हेसुद्धा मी सांगितलं नव्हतं. खुर्ची धरून ठेवली आहे, एवढंच सांगितलेलं. मग मात्र मी सगळं सांगितलं, खुर्चीचं, सरांचं, आणि दुपारचं. फक्त चूक काय होती ते सांगितलं नाही. त्या वेळी ते महत्त्वाचं वाटलं नाही.

तिने फडक्याने पाटी पुसली आणि लिहिलं: "मधूनच बाहेर पडणाऱ्याची सोय विसरले ना सर?"

तो कोड सरांनी ती रजेवर गेल्यानंतर लिहायला घेतला होता. तिने त्याचा एक कागद पाहिला नव्हता. मी तिच्या पलंगावर बसले. वहिनी चहा ठेवून गेल्या, तो गार झाला.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

तिने खांदे उडवले. मग लिहिलं, "स्वप्नात वाचत होते. तू समोर होतीस." आणि त्याखाली, "खूप दिवसांनी बरं वाटलं."

थोड्या वेळाने तिने ते पुसून आणखी लिहिलं, "मुलगी नीट वाचते?"

मी म्हटलं, "भरभर वाचते. हेल काढते."

"मग तिला शिकव," तिने लिहिलं. "खुर्ची तिला दे. माझं वाचन झालं."

मी भांडले. आवाज परत येईल म्हटलं, सरांशी बोलते म्हटलं. पाटीवर भांडण करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही हो. आपण ओरडायचं आणि तिने शांतपणे खडू शोधायचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घसा बघितला आणि वहिनींवर चिडले. म्हणाले, सूज आली आहे, हिला कुणी तासन्‌तास बोलायला लावलं? वहिनींनी शपथेवर सांगितलं की घरात हूं की चूं झालेलं नाही. डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. वहिनींचा तरी कुठे बसला होता.

टेप शुक्रवारी गेली. व्हर्जन नीट चाललं. सरांनी प्रणिताला कायम केलं. नंदाचा आवाज पुढे आला, पण घोगरा, फाटका; एक पान वाचलं की संपायचा. ती मॅन्युअलच्या टेबलावर गेली आणि तिथे चांगली रमली, हे मला त्याहून जास्त लागलं. प्रणिताला मी शब्द शिकवले. अगदी मनापासून नाही, पण शिकवले. ती "ओंजळ, मूठ" म्हणायला लागली, आणि ते शिकून म्हणणारीचं म्हणणं होतं. त्या दुपारची चाल त्यात कधी आली नाही. आम्ही दोघींनी पुढे किती व्हर्जनं वाचली असतील. मी दरवेळी कान लावून बसायची. दरवेळी प्रणिताच. चांगली मुलगी होती, लग्नाला दारव्ह्याला गेले होते मी तिच्या. नंतर ती हिंजवडीला मोठ्या कंपनीत गेली. अजून दिवाळीला फोन करते.

तुम्ही म्हणाल, शब्द माझ्याच तोंडून कधीतरी निसटले असतील आणि त्या मुलीने पकडले असतील. असतील. आवाज मला भास झाला असेल. असेल. नंदाला सरांचा स्वभाव माहीत होता, काय विसरतील ते तिने ताडलं असेल. हेही असेल. एकेक करून सगळं बसवता येतं. एका दुपारी, दोन ठिकाणी, एकदम कसं बसलं ते मला बसवता येत नाही. सरांना पुढे एकदा सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "शैलाबाई, हे मला रिप्रोड्यूस करून दाखवा, मग बोलू." पुन्हा तसंच घडवून दाखवणं तर कुणालाच जमलं नाही.

माझं मात्र एक वेगळंच राहून गेलं होतं. मागच्या महिन्यात नंदाकडे गेले होते. दोघींच्या सत्तरी उलटल्या आता. ती शेंगा निवडत होती. मी म्हटलं, "इतकी वर्षं विचारेन म्हणते. तुला त्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून वाचायचंच होतं ना, तर मी समोर बसले होते. जन्मभर बसले होते. त्या कालच्या पोरीच्या घशात कशाला गेलीस?"

तिने शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले, आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "तू वाचताना घाई करतेस, शैले."

"मी कधी वाचलंय?"

"म्हणूनच."

मी चहा न घेता उठून आले. घरी येऊन दार लावलं, त्या दिवशीचा पेपर टेबलावर पसरला आणि मोठ्याने वाचायला बसले. सावकाश. प्रत्येक स्वल्पविराम बोलून, प्रत्येक ओळीला थांबून, मुद्दाम जागा ठेवून, कुणाला यायचं असेल तर येता यावं म्हणून. अग्रलेख वाचला, बाजारभाव वाचले, छोट्या जाहिरातीसुद्धा वाचल्या. शेवटी घसा दुखायला लागला.

शेवटपर्यंत आवाज माझाच होता.